टॉर्च टेस्ट ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे बाळाला धोका असतो का? रिपोर्टमधल्या त्या शब्दाचा नेमका अर्थ काय?

गरोदर महिलांच्या फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्ट वरचेवर दिसते. लॅबच्या रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यात आठ-दहा ओळी, दोन-तीन ओळींसमोर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ आणि खाली एकच प्रश्न: बाळ ठीक असेल ना? मग प्रतिक्रिया सुरू होतात. कुणी घरातलं मांजर आजच्या आज बाहेर सोडायला सांगतं. कुणी स्वतःला दिलेल्या गोळ्यांचं नाव टाकतं. कुणी म्हणतं, माझंही असंच आलं होतं आणि गर्भपात झाला. ज्या महिलेने प्रश्न विचारलेला असतो, तिची त्या रात्रीची झोप गेलेली असते.

रिपोर्ट असतो टॉर्च टेस्टचा. ही रक्तातल्या प्रतिपिंडांची म्हणजे अँटीबॉडीजची तपासणी आहे. गरोदरपणात बाळापर्यंत पोहोचू शकणारे काही संसर्ग आईला झालेत का, हे तिच्यातून पाहिलं जातं. भारतात ती सर्रास लिहून दिली जाते, विशेषतः आधी गर्भपात झालेल्या महिलांना. लॅबच्या ॲपवर ‘टॉर्च ८’, ‘टॉर्च १०’ अशी पॅकेजेस घरबसल्या बुक करता येतात.

अडचण अशी की या रिपोर्टमधल्या बहुतेक ‘पॉझिटिव्ह’ ओळींत घाबरण्यासारखं काही नसतं. आणि ज्या एका ओळीकडे खरंच लक्ष द्यायला हवं, ती बऱ्याचदा ‘निगेटिव्ह’ असते. त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहतच नाही.

टॉर्च हे नाव आलं कुठून?

टॉर्च हे काही संसर्गांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेलं नाव. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो व्हायरस म्हणजे सीएमव्ही आणि हर्पीस. १९७१ साली अमेरिकेतले डॉ. आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. ‘ओ’ या अक्षराखाली पुढे ‘इतर’ संसर्ग धरले जाऊ लागले आणि त्यात सिफिलिस, कांजिण्या, पार्व्होव्हायरस अशांची भर पडली.

ही कल्पना नवजात बाळांसाठी होती. जन्मतःच कावीळ, वाढलेलं यकृत आणि प्लीहा, लहान डोकं, अंगावर पुरळ अशी लक्षणं असलेलं बाळ समोर आलं, तर हे संसर्ग दिसायला एकमेकांसारखे असल्यामुळे डॉक्टरांनी सगळ्यांचाच विचार करावा, म्हणून केलेली ही आठवणीची सोय. आजारी बाळासाठीची ही यादी पुढे ठणठणीत आईच्या रक्ततपासणीचं पॅकेज बनली, आणि घोळ तिथून सुरू झाला.

आयजीजी आणि आयजीएम: दोन अक्षरांचा फरक

टॉर्चच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक संसर्गासमोर दोन ओळी असतात, आयजीजी आणि आयजीएम.

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे त्या जंतूशी शरीराची आयुष्यात कधीतरी गाठ पडली आहे. पाचव्या वर्षी, पंधराव्या वर्षी किंवा मागच्या वर्षी. शरीराने त्याची नोंद ठेवली आहे, एवढंच. लहानपणी कांजिण्या झालेल्या कुणाचीही तपासणी केली तरी कांजिण्यांचं आयजीजी बहुधा पॉझिटिव्ह येईल. म्हणून त्या माणसाला आज कांजिण्या झाल्यात असं कुणी म्हणत नाही.

सीएमव्हीचं उदाहरण तर बोलकं आहे. भारतात गरोदर महिलांच्या तपासणीत सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आढळलं आहे. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दहापैकी नऊ जणींचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ असणार. जी तपासणी जवळजवळ सगळ्यांना एकच उत्तर देते, तिच्यावरून एखादीला काही वेगळं सांगता येत नाही. आयजीजीचा आकडा ‘खूप जास्त’ आहे म्हणूनही घाबरायचं कारण नाही. एकाच नमुन्यातल्या मोठ्या आकड्यावरून संसर्ग ताजा आहे असं ठरत नाही.

मग आयजीएम? ही प्रतिपिंडं संसर्गानंतर आधी तयार होतात, त्यामुळे आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ‘संसर्ग नुकताच झाला’ असं पाठ केलं जातं. पाठ्यपुस्तकात ते ठीक, प्रत्यक्षात तितकं सरळ नाही. टोक्सोप्लाझ्माचं आयजीएम काही जणींच्या रक्तात अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ टिकून राहतं. दुसऱ्याच एखाद्या विषाणूमुळे किंवा संधिवाताशी संबंधित घटकांमुळेही ते खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं.

इथे थोडं गणित करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा १००० गरोदर महिलांपैकी फक्त दोघींना खरोखर ताजा संसर्ग आहे. तपासणी इतकी चांगली की या दोघींना ती नक्की पकडते आणि निरोगी महिलांमध्ये फक्त २ टक्के वेळा चुकते. आता ९९८ निरोगी महिलांचे २ टक्के म्हणजे साधारण २०. एकूण पॉझिटिव्ह झाल्या २२, त्यातल्या खऱ्या दोन. उरलेल्या २० जणी विनाकारण घाबरणार. संसर्ग जितका दुर्मिळ, तितकं खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण वाढतं. लक्षणं असोत नसोत, सगळ्यांनाच तपासत सुटलं की हे होणारच. दोष मशिनचा नसतो, तपासणी कुणाची करायची हे ठरवण्यातच गडबड झालेली असते.

हा धोका कागदावरचा नाही. टोक्सोप्लाझ्माच्या आयजीएम किटवर एकट्याने भरवसा ठेवू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने १९९७ सालीच डॉक्टरांना दिला होता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, बाहेरच्या लॅबनी आयजीएम पॉझिटिव्ह ठरवलेल्या आठशेहून जास्त गरोदर महिलांचं रक्त तज्ज्ञ प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं गेलं. त्यातल्या साधारण ६० टक्के महिलांना अलीकडे संसर्ग झालेलाच नव्हता. योग्य निदान आणि त्याचा नीट अर्थ डॉक्टरांपर्यंत पोहोचवल्यावर अनावश्यक गर्भपातांचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. म्हणजे त्याआधी केवळ एका ओळीच्या भीतीपोटी निरोगी गर्भ काढून टाकले जात होते.

त्यामुळे आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर पुढची पायरी ठरलेली आहे. पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅव्हिडिटी टेस्ट. यात आयजीजी प्रतिपिंडांची जंतूवरची पकड किती घट्ट आहे हे मोजतात. पकड काळानुसार घट्ट होत जाते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती घट्ट आढळली, तर संसर्ग बहुधा दिवस राहण्याच्या आधीचा. दुसरी गोष्ट, दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त देऊन दोन्ही नमुन्यांची तुलना. लॅब बदलली तर आकड्यांची तुलनाच करता येत नाही, हे सांगायचं अनेकदा राहून जातं. शंका तरीही उरली, तर सोनोग्राफी आणि गर्भजलाची पीसीआर तपासणी. गर्भपाताचा विचार या सगळ्यानंतरचा. सोनोग्राफी नीट असताना केवळ प्रतिपिंडांच्या एका रिपोर्टवर तो निर्णय घेण्याला वैद्यकीय आधार नाही.

‘आधीचं मूल राहिलं नाही, म्हणून टॉर्च’

भारतात टॉर्च सर्वाधिक लिहिली जाते ती इथे. केस पेपरवर ‘बीओएच’ म्हणजे आधीच्या गरोदरपणात काही वाईट घडल्याची नोंद असते आणि त्याखाली टॉर्च. वारंवार गर्भपात होणाऱ्या महिलेला कारण हवं असतं, घरच्यांनाही हवं असतं. रिपोर्टमधल्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने ते मिळाल्यासारखं वाटतं.

पण तर्क लावून पाहिला तर हे जुळत नाही. एखाद्या संसर्गामुळे पुन्हा पुन्हा गर्भपात व्हायचा, तर तो जंतू प्रत्येक गरोदरपणात गर्भाला नव्याने गाठत राहायला हवा. टॉर्चमधले संसर्ग तसे वागत नाहीत. रुबेला एकदा झाला की जवळपास आयुष्यभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. टोक्सोप्लाझ्माचा धोका मुख्यतः त्याच गरोदरपणाला असतो, ज्यात संसर्ग पहिल्यांदा होतो. ब्रिटनमधल्या प्रसूतीतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपातासाठीची नेहमीची टॉर्च तपासणी बंद करा, असं आपल्या मार्गदर्शक सूचनांत अनेक वर्षांपूर्वीच म्हटलं आहे.

मुळात लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भधारणांचा शेवट गर्भपातात होतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या बिघाडामुळे होतात. आईने काय खाल्लं, कुठे गेली, काय उचललं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. वारंवार होत असेल तर थायरॉइड, गर्भाशयाची रचना, पती-पत्नीची गुणसूत्रं तपासायला हवीत. प्रतिपिंडांचीही एक तपासणी इथे खरंच महत्त्वाची आहे, पण ती टॉर्चमध्ये नसते. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं नावाची ही तपासणी १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. ती दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिनने पुढचं गरोदरपण टिकण्याची शक्यता वाढते. टॉर्चच्या मागे लागून ही तपासणी लांबली, तर त्या महिलेच्या हातातले महिने जातात.

मग डॉक्टर लिहून का देतात? सवय हे मोठं कारण. ‘सगळ्या टेस्ट केल्या का?’ हा नातेवाइकांचा प्रश्न आणि पुढे काही झालंच तर आपल्यावर येऊ नये ही काळजी हे दुसरं. पैशांचाही भाग आहे. पॅकेजचा खर्च हजार रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातो. लॅब आणि दवाखान्यांमधली कट प्रॅक्टिस महाराष्ट्राला नवी नाही, २०१७ साली तिच्याविरोधात कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. प्रत्येक टॉर्चमागे कमिशन असतं असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. बरेच डॉक्टर शिकताना जे पाहिलं तेच पुढे चालवतात.

रिपोर्टनंतरची औषधं हा आणखी एक प्रश्न. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह पाहून स्पायरामायसिन किंवा असायक्लोव्हिरचा कोर्स दिला जातो. पुढचं बाळ सुखरूप होतं, आणि औषधाने गुण आला असं सगळ्यांना वाटतं. एक-दोन गर्भपातांनंतरही बहुतांश महिलांचं पुढचं गरोदरपण औषधाशिवाय नीट पार पडतं, ही गोष्ट त्या आनंदात कुणी मोजत नाही.

रुबेलाची गोष्ट वेगळी आहे

१९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात रुबेलाची साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी आयांना विचारलं, तर बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला अंगावर पुरळ आलं होतं. मोठ्यांना किरकोळ ताप आणि पुरळ देणारा हा आजार गर्भाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो, हे तिथून जगाला कळलं. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २० हजार बाळं जन्मजात रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली.

पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला झाला तर बाळावर परिणाम होण्याची शक्यता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. विसाव्या आठवड्यानंतर ती अगदी कमी होते. गर्भातल्या बाळासाठी औषध नाही. आईसाठी लस मात्र आहे.

म्हणूनच रुबेलाच्या ओळीचा अर्थ उलटा लागतो. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह ही चांगली बातमी, कारण संरक्षण आहे. आयजीजी निगेटिव्ह म्हणजे संरक्षण नाही. ग्रुपवर मात्र ‘रुबेला निगेटिव्ह’ वाचून अभिनंदनाचे इमोजी पडतात.

महाराष्ट्रासाठी या ओळीला आज विशेष महत्त्व आहे. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला लस आली ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात, फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवा होतं. महाराष्ट्रात मोहीम सुरू झाली २७ नोव्हेंबर २०१८ रोजी. लस मिळाली ती ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलामुलींना. तेव्हा जिने पंधरा वर्षं ओलांडली होती, ती या मोहिमेतून सुटली. म्हणजे आज जी महिला बावीस-तेविशीच्या पुढे आहे आणि पहिल्या बाळाचा विचार करतेय, तिला लहानपणी खासगी दवाखान्यात एमएमआर दिली गेली नसेल, तर रुबेलाची लस मिळालेली नसण्याचीच शक्यता जास्त. यातल्या अनेकींना बालपणी नकळत रुबेला होऊन गेला असेल. सगळ्यांना नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये गोवर-रुबेला निर्मूलनाची २०२५-२६ ची मोहीम सुरू केली. आधीचं २०२३ चं लक्ष्य हुकलं होतं. शेजारच्या नेपाळने ऑगस्ट २०२५ मध्ये रुबेलाच्या निर्मूलनाची पायरी गाठली. अमेरिका खंडातले देश २०१५ मध्येच तिथे पोहोचले होते. भारताच्या मोहिमेचा सगळा भर लहान मुलांच्या दोन डोसांवर आहे आणि तो बरोबरच आहे. मुलांमधला विषाणू थांबला की गरोदर महिलाही वाचतात. पण तोपर्यंत मधल्या वयाची ही पिढी स्वतःच्या हिशेबाने चालणार, आणि तिला हे कुणी सांगितलेलंच नाही.

ही लस जिवंत विषाणूपासून बनते, त्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणजे रुबेला आयजीजी तपासण्याची योग्य वेळ लग्नानंतर किंवा बाळाचा विचार सुरू झाल्यावरची, दोन महिने चुकल्यानंतरची नव्हे. आणि लस घेतल्यानंतर दिवस राहिल्याचं कळलं, तर त्यासाठी गर्भपात करण्याची गरज नसते. हा प्रश्नही ग्रुपवर नेहमी येतो.

मांजर, मटण आणि मुलाचं उष्टं

टोक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे खरं. पण मांजर सहसा आयुष्यात एकदाच, दोन-तीन आठवडेच हा जंतू बाहेर टाकतं, आणि विष्ठेतला जंतू संसर्ग देण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज मांजराची जागा साफ केली की झालं. वर्षानुवर्षांच्या मांजराला पोत्यात घालून दूर सोडून यायचं कारण नाही. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि कुंड्यांतली माती यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. मटण नीट शिजवलं, भाज्या धुतल्या आणि मातीत काम करताना हातमोजे घातले की काळजीचा बराचसा भाग संपतो.

सीएमव्हीबाबत एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्ण संरक्षण, असं या विषाणूच्या बाबतीत म्हणता येत नाही. तो पुन्हा जागा होऊ शकतो किंवा त्याचा वेगळा प्रकार नव्याने गाठू शकतो. पहिल्यांदाच संसर्ग झाला तर बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता साधारण ३० ते ४० टक्के, आधी होऊन गेला असेल तर एक टक्क्याच्या आसपास. जन्मजात बहिरेपणामागे सीएमव्ही हे मोठं कारण आहे. पण ही शक्यता आईच्या प्रतिपिंडांवरून आधी ओळखता येत नाही. शंका असेल तर जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत बाळाची लघवी किंवा लाळ तपासावी लागते.

हा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून येतो. घरात दोन-तीन वर्षांचं पहिलं मूल असेल आणि दुसऱ्या वेळचे दिवस असतील, तर मुलाच्या ताटातलं उष्टं खाणं, त्याचाच चमचा तोंडात घालणं टाळावं. अन्न वाया जाऊ नये म्हणून मुलाचं ताट आईनेच संपवायचं, ही आपल्याकडची रीत. निदान नऊ महिने ते काम बाबांकडे द्यायला हरकत नाही.

हर्पीसच्या प्रतिपिंडांचा तर उपयोग जवळपास शून्य. धोका असतो तो बहुतांशी प्रसूतीच्या वेळी, जननमार्गावर ताजे फोड असतील तर. ते रक्तात पाहायचे नसतात, तपासून पाहायचे असतात आणि गरज पडली तर सिझेरियन करायचं असतं.

खरी यादी कोणती?

सरकारी दवाखान्यात, किंवा दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या शिबिरात, गरोदर महिलेचं हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी तपासलं जातं. तिथे टॉर्च नसते. त्यामुळे ‘सरकारीत सगळ्या टेस्ट करत नाहीत’ असा समज पसरतो.

पण संसर्गांच्या बाबतीत बाळ वाचवणाऱ्या तपासण्या याच आहेत, कारण प्रत्येकीपुढे ठोस उपाय आहे. एचआयव्ही असलेल्या आईवर उपचार न झाल्यास बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, उपचार झाले तर ५ टक्क्यांच्या खाली. हेपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन दिलं, तर बहुतेक बाळं वाचतात. न दिलं आणि संसर्ग झाला, तर त्यातल्या सुमारे ९० टक्के बाळांना तो कायमचा चिकटतो. सिफिलिस हा पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होणारा आजार. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात ११ लाख गरोदर महिलांना सिफिलिस होता, आणि त्यातून मृत बाळ जन्माला येणं, नवजात मृत्यू असे ३ लाख ९० हजारांहून अधिक वाईट परिणाम घडले.

टॉर्चमधल्या तपासण्या कायम निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. गरोदर महिलेला ताप आणि पुरळ आलं, ती रुबेलाच्या रुग्णाच्या संपर्कात आली किंवा सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत पाणी किंवा कॅल्शियमचे ठिपके दिसले, तर त्या त्या संसर्गाची तपासणी करायलाच हवी. फ्रान्समध्ये टोक्सोप्लाझ्मा आयजीजी निगेटिव्ह असलेल्या गरोदर महिलांची दर महिन्याला पुन्हा तपासणी होते, १९९२ पासून. तिथे त्यामागे ठरलेला कार्यक्रम आहे, पुढची तपासणी आणि उपचार यांची साखळी आहे. एकदाच रक्त घेऊन हातात कागद देण्याची ती पद्धत नाही.

ज्यांच्या हातात रिपोर्ट आधीच आला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. पॉझिटिव्ह आलंय ते आयजीजी की आयजीएम? आयजीएम असेल तर अ‍ॅव्हिडिटी करायची का? औषध देताय ते नेमक्या कोणत्या निदानासाठी? आणि रुबेला आयजीजी निगेटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी एमएमआर मिळेल का? स्तनपान करताना ही लस घेता येते. त्यासाठी बाळाच्या लसीकरणाच्या पहिल्या फेरीतच आईनेही हात पुढे केला तरी चालतं, फक्त रिपोर्टमधली ती निगेटिव्ह ओळ तोपर्यंत कुणाच्या तरी लक्षात राहायला हवी. माता-बाल संरक्षण कार्डावर पेनाने लिहून ठेवली तर राहते.